वैरागची संख्या : ४१३४०२

मु. पो. वैराग, ता. बार्शी, जि. सोलापूर, ४१३४०२. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या या गावात येणाऱ्या पत्रावर, पार्सलवर, बँकेच्या अर्जावर शेवटी हे सहा अंक असतात. गावात ते लहानथोरांना तोंडपाठ असतात, पण ‘चार लाख तेरा हजार चारशे दोन’ असं कुणी वाचत नाही. पिन मोजायचा नसतो, लिहायचा असतो. या प्रकरणात आपण तो संख्या म्हणून वाचणार आहोत.

गणिताच्या पुस्तकांत ज्या संख्यांचं कौतुक होतं, त्या बहुतेक गुण पाहून निवडलेल्या असतात. १७२९ रामानुजनमुळे प्रसिद्ध झाली, ६१७४ कापरेकरांमुळे. ४१३४०२ ही संख्या कुणा गणितज्ञानं निवडलेली नाही. टपाल खात्यानं क्रमानं वाटलेल्या संख्यांमधली ती एक. म्हणूनच मला ती हवी होती. कोणतीही संख्या घेऊन नीट प्रश्न विचारत बसलं, तर ती किती बोलते हे पाहायचं असेल, तर आधीच नाव कमावलेली संख्या उपयोगाची नाही.

पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते. केंद्रीय दळणवळण खात्यात ते अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतात कविता आणि नाटकं लिहीत. एकाच नावाची अनेक गावं, पत्त्यांवरच्या नाना भाषा आणि न लागणारी अक्षरं यांतून टपालाची सुटका करण्यासाठी त्यांनी सहा अंकांची ही रचना केली. पहिला अंक विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पुढचे दोन अंक मिळून टपाल वाटणीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिसचे. सोलापूर ४१३००१, पंढरपूर ४१३३०४, बार्शी ४१३४०१ आणि लगेच पुढे वैराग ४१३४०२. टपाल खात्याचं काम इथं संपतं.

संख्येला विचारायचा पहिला प्रश्न एकच असतो : तुझे अवयव कोणते? म्हणजे कोणत्या मूळ संख्या गुणून तू झालीस? (स्वतःनं आणि १नंच भाग जाणारी ती मूळ संख्या : २, ३, ५, ७, ११, १३...) हे काम कागदावर करता येतं आणि तसंच करावं.

शेवटी २ आहे, म्हणजे संख्या सम. अर्धी केली की २०६७०१. अंकांची बेरीज १६, म्हणून ३नं भाग जात नाही. शेवटी १ आहे, म्हणून ५नंही नाही. ७नं भागलं तर बाकी ५. आता ११. त्याची कसोटी अशी की एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या. त्या सारख्या आल्या, किंवा त्यांच्यातला फरक ११च्या पटीत आला, तर भाग जातो. २०६७०१ मध्ये २+६+० = ८ आणि ०+७+१ = ८. भाग जातो, उत्तर १८७९१. त्याला पुन्हा ११नं भाग जात नाही. १३नं बाकी ६, १७नंही बाकी ६. १९नं मात्र नि:शेष भाग जातो आणि ९८९ उरतात.

इथं घाई करून पुढचे भागाकार करत बसू नये. ९८९ हे १०८९ मधून १०० वजा केले की मिळतात. १०८९ हा ३३चा वर्ग, १०० हा १०चा. दोन वर्गांच्या वजाबाकीचं शाळेतलं सूत्र लावलं की (३३ − १०) × (३३ + १०), म्हणजे २३ × ४३. दोन्ही मूळ संख्या. काम झालं :

४१३४०२ = २ × ११ × १९ × २३ × ४३

पाच अवयव, पाचही वेगळे, एकही दोनदा आलेला नाही, आणि सर्वांत मोठा अवघा ४३. चार लाखांवरच्या संख्येच्या मानानं हे फार लहान तुकडे आहेत. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ साली दाखवलं की एखाद्या मोठ्या संख्येला साधारणपणे किती वेगळे मूळ अवयव असतात याचा अंदाज बांधता येतो. त्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम काढायचा आणि आलेल्या उत्तराचा पुन्हा एकदा काढायचा. ४१३४०२ साठी हा अंदाज अडीचच्या आसपास येतो. प्रत्यक्षात आहेत पाच. इतपत आकाराच्या संख्येला फार तर सहा असू शकतात, कारण पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकारच ५१०५१० होतो.

शेजारची बार्शी अगदी वेगळी निघते. ४१३४०१ = ३७ × १११७३, बस्स. १११७३ ही मूळ संख्या आहे. याची खात्री करायची तर ३७ पासून १०३ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहावं लागतं. १०३च्या पुढे जायची गरज नाही, कारण पुढच्या मूळ संख्येचा, १०७चा, वर्ग १११७३ हून मोठा आहे. दोन संख्यांमध्ये फरक केवळ १चा. तरी बार्शीच्या संख्येला चारच विभाजक आहेत आणि वैरागच्या संख्येला बत्तीस. शेजारच्या दोन संख्यांना १ सोडून एकही सामाईक विभाजक नसतो. एकीचे अवयव कळले म्हणून दुसरीचे कळत नाहीत. बेरजेनं शेजारी असलेल्या संख्या गुणाकाराच्या बाजूनं एकमेकींना अनोळखी असतात, आणि गणितातले कितीतरी न सुटलेले प्रश्न या एका गोष्टीतून आलेले आहेत.

बत्तीस विभाजकांच्या सोळा जोड्या होतात. त्यांतली सर्वांत जवळची जोडी ५०६ × ८१७. सगळ्या विभाजकांची बेरीज ७६०३२०. त्यातून ती संख्या स्वतः वगळली तर ३४६९१८ उरतात, म्हणजे ४१३४०२ हून कमी. ही बेरीज संख्येइतकीच आली असती तर ६, २८ आणि ४९६ यांच्या पंक्तीला बसणारी परिपूर्ण संख्या झाली असती. तशी ती नाही.

आता वर्गांकडे वळू. इथं या संख्येचा एक हट्ट दिसतो. तिचे चारही विषम अवयव, ११, १९, २३ आणि ४३, चारनं भागले की प्रत्येक वेळी बाकी ३ उरते. सतराव्या शतकात फेर्मानं मांडलेला आणि पुढे ऑयलरनं सिद्ध केलेला नियम सांगतो की अशी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली, तर ती संख्या दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. एक असा अवयव पुरेसा होता. इथं चार आहेत. म्हणजे बेरजेची वाट बंद. वजाबाकीचीही बंद आहे, आणि त्याची सिद्धता दोन ओळींची आहे. कोणत्याही वर्गाला ४नं भागलं की बाकी ० किंवा १ उरते. म्हणून दोन वर्गांच्या वजाबाकीत बाकी ०, १ किंवा ३ येईल, २ कधीच येणार नाही. ४१३४०२ला ४नं भागलं की बाकी २.

तीन वर्ग चालतील का? लजांद्र या फ्रेंच गणितज्ञानं अठराव्या शतकाच्या अखेरीस दिलेल्या निकषानुसार चालतील. प्रत्यक्ष शोधायचे तर सर्वांत मोठ्या वर्गापासून खाली यावं. ६४२चा वर्ग वजा केला की १२३८ उरतात, पण ते दोन वर्गांत मांडता येत नाहीत. ६४१चा वर्ग वजा केला की उरतात २५२१, आणि २५२१ म्हणजे ३६चा वर्ग अधिक ३५चा वर्ग :

४१३४०२ = ६४१² + ३६² + ३५²

दुसऱ्याच प्रयत्नात उत्तर मिळावं आणि त्यात ३५-३६ अशी लागोपाठची जोडी यावी, याचा मला मनापासून आनंद झाला. ६४१ ही संख्याही साधी नाही. चार अब्जांवरची ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ असावी असं फेर्माला वाटत होतं. ऑयलरनं १७३२ साली तिचा अवयव शोधून ते खोडून काढलं. तो अवयव म्हणजे ६४१.

अजून एक गोष्ट. १ला ४१३४०२नं भागत गेलं तर दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक सोडून पुढे १३८६ अंकांचा एक गट पुन्हा पुन्हा येत राहतो. तेवढा भागाकार करावा लागत नाही. १/११ मध्ये २ अंकांचा गट फिरतो, १/१९ मध्ये १८, १/२३ मध्ये २२ आणि १/४३ मध्ये २१ अंकांचा. या चारांचा लसावि १३८६. सुरुवातीचा एक अंक वेगळा पडतो तो २ या अवयवामुळे. आत डोकावायला अवयव मिळाले की असे प्रश्न पाटीवर सुटतात.

इथवर जे सांगितलं ते संख्येचं स्वतःचं आहे. ती कशी लिहिली यावर ते अवलंबून नाही. संगणक हीच संख्या ११००१००१११०११०११०१० अशी एकोणीस अंकांत ठेवतो. तिथंही तिचे अवयव तेच पाच असतात आणि दोन वर्गांचा हट्ट तसाच राहतो. पण आपण दहाच्या पटीत लिहितो, आणि त्या लिहिण्यातून आणखी काही गोष्टी निघतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं राज्य इथून सुरू होतं.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. अंकांशी खेळत राहणं हा त्यांचा जन्मभराचा उद्योग, आणि शोधलेलं ते स्वतः छोट्या पुस्तिकांतून छापत. विद्यापीठातल्या अनेकांना हे काम करमणुकीचं वाटलं. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. खोली पाहिली तर हार्डी-रामानुजन यांचं काम निराळ्या उंचीवरचं आहे, हे मान्यच. पण कापरेकरांच्या प्रश्नांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही आणि तरीही उत्तर आधी कळत नाही. शाळेतल्या मुलाला संशोधनाची चव देणारं याहून चांगलं दार मला माहीत नाही.

त्यांचे प्रश्न वैरागच्या संख्येला विचारून पाहू. जिच्या अंकांच्या बेरजेनं तिलाच भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. ४१३४०२च्या अंकांची बेरीज १४. भाग जायला अवयवांत ७ हवा, तो नाही. सोलापूर मात्र हर्षद आहे : ४१३००१च्या अंकांची बेरीज ९, आणि ४१३००१ ÷ ९ = ४५८८९.

‘कापरेकर संख्या’ म्हणजे जिचा वर्ग मधोमध तोडून दोन तुकडे मिळवले की तीच परत मिळते. ७०३चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. अशा संख्येला ९नं भागलं की बाकी ० किंवा १च असू शकते. आपल्या संख्येची बाकी ५ आहे, म्हणून वर्ग न करताच हा प्रश्न मिटतो.

पुढचा प्रश्न मला सर्वांत आवडतो. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवायची. १५ मध्ये १ + ५ मिळवले की २१, म्हणून १५ ही २१ची जनक. काही संख्यांना मात्र कुणीच जनक नसतो. २० घ्या, कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाही. अशा संख्यांना स्वयंभू संख्या म्हणतात आणि कापरेकरांनी त्यांच्यावर १९६३ साली पुस्तिका काढली. ४१३४०२ स्वयंभू आहे का? जनक असेल तर तो फार मागे नसणार, कारण सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही. तो ४१३३ नं सुरू होणारा धरला आणि शेवटचे दोन अंक क आणि ख मानले, तर ११ × क + २ × ख = ९१ असं समीकरण मिळतं. उत्तर एकच : क = ७, ख = ७. म्हणजे ४१३३७७. अंकांची बेरीज २५, आणि ४१३३७७ + २५ = ४१३४०२. जनक सापडला.

पण मग जनकाचा जनक कोण? तीच युक्ती पुन्हा लावत मागे गेलं की ही वंशावळ मिळते :

४१३३१८ → ४१३३३८ → ४१३३६० → ४१३३७७ → ४१३४०२

प्रत्येक पायरीवर एकच जनक आहे. ४१३३१८ पाशी मात्र समीकरण सुटतच नाही. ती स्वयंभू आहे. वैरागच्या संख्येचं कूळ चार पिढ्या मागे जाऊन थांबतं.

आता ही संख्या उलटी लिहून तिच्यातच मिळवू. ४१३४०२ + २०४३१४ = ६१७७१६. उत्तर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सारखंच! पहिल्याच फटक्यात हे जमलं, कारण समोरासमोरच्या अंकांच्या बेरजा ६, १ आणि ७ आहेत, दहाच्या आतल्या, म्हणून हातचा येत नाही. ८९ या लहानशा संख्येला हे साधायला चोवीस बेरजा लागतात. १९६ला तर संगणकांवर कोट्यवधी अंकांपर्यंत जाऊनही जमलेलं नाही, आणि ते कधीच जमणार नाही हेही अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

कापरेकरांचा प्रसिद्ध प्रयोग आता करू. चार अंक घ्या, ते उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं तेच करा. पिन सुरू झाला ते साल घेऊ. १९७२ पासून ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. तिथून पुढे ६१७४च येत राहतात. चारही अंक सारखे नसले तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथं येते. हा शोध १९४९ सालचा.

सहा अंकांत वागणं बदलतं. ४१३४०२ पासून निघू. ४४३२१० − ०१२३४४ = ४३०८६६. मग ८३१७६२, ७५२६४३, ५३०८६५, ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४ आणि बाराव्या वजाबाकीला ८५१७४२. इथून पुढे पाहा : ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. सात संख्यांचा फेरा, ज्यातून बाहेर पडायला वाट नाही. सहा अंकांत दोन स्थिर मुक्कामही आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. वैरागची संख्या दोहोंपैकी कुठेच जात नाही.

या सगळ्यात एक गोष्ट रोजच्या उपयोगाची आहे. पिनमध्ये चूक पकडणारा वेगळा अंक ठेवलेला नाही. शेवटच्या २च्या जागी १ पडला तर तो चुकीचा पिन न होता बार्शीचा पिन होतो आणि टपाल तिकडे जातं. पण वैरागच्या पिनला योगायोगानं ११नं भाग जातो, आणि पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी आयएसबीएन क्रमांकात चूक पकडायला हेच ११ वापरत. एक सोडून एक अंक मिळवा : ४+३+० = ७, १+४+२ = ७. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक अदलाबदल झाले, तर या दोन बेरजा सारख्या येऊच शकत नाहीत. सात-सात आले नाहीत, तर पिन चुकला आहे. एक अंक मध्ये सोडून झालेली अदलाबदल मात्र यातून निसटते. ३१४४०२ लिहिलं तरी सात-सातच येतात, आणि ३नं सुरू होणारे पिन राजस्थान-गुजरातकडचे.

यातली कोणतीही गोष्ट गावाबद्दल काही सांगत नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. अंकांवरून नशीब सांगणाऱ्यांचा धंदा जोरात आहे आणि ‘अंकांची बेरीज चौदा, म्हणजे १ + ४, पाच’ ऐकताच त्यांचे कान टवकारतील. पाच वेगळे मूळ अवयव म्हणून वैराग भाग्यवान ठरत नाही आणि दोनच म्हणून बार्शी अभागी नाही. क्रमांक वाटताना एक घर मागेपुढे झालं असतं तर हे गुण शेजारच्या गावाकडे गेले असते. गुण संख्येचे आहेत, आणि टपाल खातं निघण्याआधीही ते असेच होते.

आपल्या गावाचा पिन घ्या आणि कागद-पेन्सिल घेऊन बसा. आधी ११ची कसोटी, मग अवयव, मग जनक, आणि शेवटी कापरेकरांची वजाबाकी. वजाबाकी करताना पुढे आलेलं शून्य गाळू नका, सहाही अंक ठेवा. सहाही अंक सारखे नसतील तर तुमची संख्या ५४९९४५ ला, ६३१७६४ ला किंवा त्या सातांच्या फेऱ्यात येऊन पोचेल. चौथी जागा नाही.